तीस सेकंदांची नाडी आणि हातातली चिठ्ठी



‘आरोग्य व अर्थ’ या सदरात सहसा एका अंकात आरोग्य आणि दुसऱ्यात अर्थ अशी पाळी असते. या वेळचा विषय मात्र दोन्ही घरचा पाहुणा आहे. सुरुवात होते मनगटावरच्या नाडीपासून आणि शेवट होतो प्रवासविम्याच्या अर्जापाशी. तेव्हा कृपया मध्येच पान उलटू नये, ही विनंती.

मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षे फार्मसीच्या काउंटरमागे उभी राहून काढली. आता निवृत्त आहे; पण जवळच्या विद्यापीठातील फार्मसीचे विद्यार्थी लोकांची नाडी तपासण्यासाठी बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्यांत मी असते. आपल्या गणेशोत्सवातही त्यांनी हॉलच्या एका कोपऱ्यात टेबल मांडले होते. प्रसादाच्या रांगेतून बरीच मंडळी तिकडे वळली. नाडी तपासून घेताना आणि नंतर जेवताना मला तीन प्रश्न वारंवार विचारले गेले. ‘ही तर मुलं, यांना काय कळतं?’ ‘यंत्राने ठीक सांगितलं, म्हणजे आपण सुटलो ना?’ आणि ‘चिठ्ठी दिली, म्हणजे मला हृदयविकार झाला का?’ हॉलच्या गोंगाटात नीट उत्तरे देता आली नाहीत, म्हणून हा लेख.

लय कशी बिघडते

हृदयाला चार कप्पे, दोन वर आणि दोन खाली, हे आपण शाळेत शिकलो. वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तेथून निघणाऱ्या विजेच्या सूक्ष्म संदेशाने आधी वरचे कप्पे आकुंचन पावतात आणि क्षणभराने खालचे. हा पुंजका आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी इथे इंग्लंडमध्येच शोधला आणि १९०७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. एकच तबलजी ठेका धरतो आणि बाकीचे साथ देतात, असे हे काम चालते.

कधी कधी वरच्या कप्प्यांत ठिकठिकाणी स्वतंत्र संदेश उठू लागतात, मिनिटाला तीनशेहूनही अधिक. मग ते कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. खालच्या कप्प्यांकडे यातले काहीच संदेश पोहोचतात आणि तेही वेळीअवेळी, म्हणून नाडी अनियमित लागते. एखादा ठोका चुकणे निराळे. इथे एकाही दोन ठोक्यांतले अंतर पुढच्याशी जुळत नाही. या अवस्थेला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. डॉक्टर मंडळी थोडक्यात ‘ए.एफ.’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

काहींना छातीत धडधड होते, जिना चढताना दम लागतो, थकवा येतो, चक्कर येते. पण अनेकांना काहीही होत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. ब्रिटनमध्ये ए.एफ.चे निदान झालेले पंधरा लाखांहून अधिक लोक आहेत. निदान न झालेले आणखी काही लाख असावेत असा अंदाज आहे. वाढते वय, रक्तदाब, मधुमेह, स्थूलपणा, थायरॉइडचा बिघाड, मद्यपान आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार यांमुळे त्याची शक्यता वाढते.

बिघाड हृदयात, घाला मेंदूवर

वरचा कप्पा थरथरत राहिला की त्यातले रक्त पुरते पुढे सरकत नाही. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी जोडलेली असते. तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती सुटली आणि प्रवाहाबरोबर मेंदूच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकली, की पक्षाघाताचा झटका येतो. ए.एफ. असलेल्या माणसाला हा धोका सरासरी पाचपट असतो. ब्रिटनमधल्या पक्षाघाताच्या साधारण पाच झटक्यांपैकी एकामागे ए.एफ. असतो, आणि असे झटके बहुधा मोठे असतात. एका सकाळी उजवा हात आणि बोलणे दोन्ही जाते, आणि हृदयाची लय बिघडलेली होती हे घरच्यांना तेव्हा इस्पितळात कळते.

यातली चांगली गोष्ट अशी की हा धोका टाळण्याजोगा आहे. गुठळी होऊ न देणारी औषधे नियमित घेतली तर पक्षाघाताची शक्यता सुमारे दोन तृतीयांशाने कमी होते. पण ए.एफ. आहे हे ठाऊक असेल तरच औषध मिळणार. म्हणून ही तपासणी.

‘आपल्या लोकांत ए.एफ. कमी असतो’ असेही एका गृहस्थांनी मला सांगितले. ते खरे आहे. ब्रिटनमधल्या अभ्यासांत भारतीय उपखंडातून आलेल्यांमध्ये त्याचे प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा कमीच आढळले आहे. पण मधुमेह आणि रक्तदाब मात्र आपल्याकडे भरपूर. ज्याला ए.एफ. आहे, त्याच्या बाबतीत हेच दोन विकार पक्षाघाताचा धोका वाढवतात. तेव्हा या आकड्यावर निर्धास्त राहू नये.

विद्यार्थी काय करतात आणि काय करत नाहीत

प्रथम ते आपली संमती घेतात आणि पाच मिनिटे स्वस्थ बसायला सांगतात. मग मनगटावर बोटे ठेवून तीस सेकंद नाडी पाहतात. तिची लय सरळ आहे का, एवढेच त्यांना बघायचे असते. त्यानंतर एका लहानशा पट्टीवर दोन्ही हातांची बोटे ठेवायची. ती पट्टी तीस सेकंदांत हृदयाचा एक साधा आलेख मोबाइलवर दाखवते. यंत्र ‘नेहमीची लय’, ‘ए.एफ.ची शक्यता’ किंवा ‘सांगता येत नाही’ असे काहीतरी म्हणते. हात थरथरला, थंड असला किंवा माणूस बोलत राहिला तरी ‘सांगता येत नाही’ येते. शंका असेल तो आलेख देखरेख करणारी जाणकार व्यक्ती पाहते, आणि गरज वाटल्यास जी.पी.कडे नेण्यासाठी चिठ्ठी दिली जाते.

‘यांना काय कळतं?’ याचे उत्तर असे: निदान करणे हे त्यांचे काम नाहीच. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात औषधांबरोबर रुग्णाशी बोलणे, नाडी व रक्तदाब पाहणे हेही शिकवले जाते. नियमित नाडी आणि अनियमित नाडी यांतला फरक ओळखायला हृदयरोगतज्ज्ञ लागत नाही. सिडनीमध्ये दहा औषधदुकानांत पासष्टीपुढच्या एक हजार लोकांची अशीच तपासणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत दीड टक्के लोकांत, म्हणजे पंधरा जणांत, पूर्वी माहीत नसलेला ए.एफ. सापडला, आणि ते सर्वच जण पक्षाघाताचा धोका अधिक असलेल्यांपैकी होते. दुकानात ते सर्दी-खोकल्याचे औषध किंवा नेहमीच्या गोळ्या घ्यायला आले असतील!

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे निराशाजनक आहे. तीस सेकंदांत नाडी सरळ असली, तर त्या तीस सेकंदांत ती सरळ होती एवढेच सिद्ध होते. ए.एफ. पुष्कळदा ये-जा करतो. आज सकाळी असेल, दुपारी नसेल. म्हणून धडधड, दम, चक्कर असा काही त्रास होत असेल तर ‘हॉलमध्ये ठीक निघालं होतं’ असे म्हणून गप्प बसू नका. जी.पी. चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ अंगावर बाळगण्याचे यंत्र देण्याची व्यवस्था करू शकतात.

मग सगळ्यांचीच तपासणी का होत नाही?

हा प्रश्न एका तरुणाने विचारला आणि तो अगदी रास्त आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय तपासणी समितीने २०१४ साली पासष्टीपुढच्या सर्वांची सरसकट तपासणी करावी अशी शिफारस केली नाही. याचे कारण दोन मोठ्या प्रयोगांवरून समजते. त्यांचे निष्कर्ष पुढे २०२१ साली आले. स्वीडनमध्ये ७५-७६ वर्षांच्या सुमारे अठ्ठावीस हजार लोकांपैकी निम्म्यांना तपासणीचे आमंत्रण गेले. सुमारे सात वर्षांनंतर त्या गटाला थोडा फायदा दिसला, पण थोडाच. बोलावलेल्यांपैकी निम्मे लोक आलेच नव्हते. डेन्मार्कमध्ये सहा हजार लोक निवडून त्यांच्यातल्या काहींच्या त्वचेखाली अखंड नोंद ठेवणारे यंत्र बसवले. त्यांच्यात ए.एफ. तिपटीने अधिक सापडला, पण पक्षाघात मात्र लक्षणीय प्रमाणात कमी झाले नाहीत. बहुधा काही मिनिटे येऊन जाणारा ए.एफ. तितकासा घातक नसावा. औषधाने रक्तस्रावाचा धोकाही वाढतो, तेव्हा उगीच कोणाला औषध देणेही बरे नाही.

याउलट इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, पासष्टीपुढचा माणूस कोणत्याही कामासाठी दवाखान्यात आला असता त्याची नाडी सहज पाहिली आणि शंका आल्यास ई.सी.जी. काढला, तर प्रत्येकाला मुद्दाम ई.सी.जी.साठी बोलावण्याइतकेच नवे रुग्ण सापडतात. विद्यार्थ्यांचे टेबल हे अशाच ‘सहज’ पाहण्याचे एक रूप आहे. माझ्या मते त्याचे मोल चिठ्ठीनंतर काय घडते त्यावर ठरते. चिठ्ठी खिशात राहिली तर ते टेबल मांडले काय नि न मांडले काय.

चिठ्ठी मिळाली तर

चिठ्ठी म्हणजे निदान नव्हे. तो जी.पी.ला विचारलेला प्रश्न आहे. उत्तर मिळते बारा तारांच्या पूर्ण ई.सी.जी.वरून. पुष्कळदा उत्तर येते की अधूनमधून एखादा जादा ठोका पडतो, काळजी नको. ए.एफ. निघाला तर जी.पी. रक्तदाब, थायरॉइड, मूत्रपिंड यांच्या तपासण्या करतील आणि पक्षाघाताच्या धोक्याचे गुण मोजतील.

गुणांचा हिशेब आपल्यालाही समजण्यासारखा आहे. वय ६५ ते ७४ असल्यास एक गुण, ७५ किंवा अधिक असल्यास दोन. रक्तदाबाचा एक, मधुमेहाचा एक, हृदय अशक्त झाले असल्यास एक, रक्तवाहिन्यांच्या विकाराचा किंवा पूर्वीच्या हार्ट अटॅकचा एक. पूर्वी पक्षाघात किंवा त्याचा अल्पकाळ टिकलेला झटका आला असल्यास दोन. ब्रिटनच्या पद्धतीत स्त्रियांना एक गुण जादा धरतात. दोन किंवा अधिक गुण झाले की गुठळीविरोधी औषध देऊ करतात. पुरुषांच्या बाबतीत एका गुणावरही विचार करतात. रक्तस्रावाचा धोका वेगळा मोजतात. म्हणजे ६७ वर्षांच्या, रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या गृहस्थांचे झाले तीन गुण. असे गृहस्थ आपल्या मंडळात प्रत्येक पंगतीला सापडतील.

गणेशोत्सवात ज्यांना चिठ्ठी मिळाली त्यांतल्या एका काकांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. काकांचे म्हणणे, ‘डिसेंबरात भारतात जायचंय, तिकिटं काढलीत. आत्ता डॉक्टरकडे गेलो तर विमा महागेल. आल्यावर बघू.’ काकूंनी चिठ्ठी त्यांच्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, ‘तिकडे पुतण्याच्या लग्नात आडवे पडलात तर मी काय विम्याचा कागद पांघरू तुमच्यावर?’ सोमवारी सकाळी आठ वाजता काकूंनीच सर्जरीला फोन लावला. ए.एफ. निघाला, गोळ्या सुरू झाल्या. विमा महागला हे खरे, पण लग्न पार पाडून दोघे सुखरूप परत आले.

औषधे आणि आपले स्वयंपाकघर

पूर्वी वॉरफरिन हे एकच मुख्य औषध होते. ते घेणाऱ्यांना वारंवार रक्त तपासावे लागते, आणि मेथी, पालक, कोथिंबीर यांचे आहारातले प्रमाण एकदम बदलून चालत नाही. आता बहुतेकांना अपिक्साबान, रिव्हारोक्साबान, इडोक्साबान किंवा डाबिगाट्रान यांपैकी एक देतात. त्यांना पालेभाज्यांचे पथ्य नाही. मात्र मूत्रपिंडाच्या कामाप्रमाणे मात्रा ठरत असल्याने वर्षातून निदान एकदा रक्त तपासून घ्यावे लागते.

आपल्या घरांतल्या काही गोष्टी जपायला हव्यात.

उपवास: या ए.एफ.साठी दिलेली रिव्हारोक्साबानची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची असते, रिकाम्या पोटी ती पुरती लागू पडत नाही. चतुर्थी-एकादशीला ती वगळू नये. फराळाबरोबर कशी घ्यावी, की औषध बदलून घ्यावे, हे फार्मासिस्टला आधी विचारा. या गोळ्यांचा परिणाम लवकर ओसरतो, म्हणून एक दिवसाची सुट्टीही धोक्याची.

भारतातून आणलेल्या गोळ्या: गुडघेदुखीसाठी कपाटात ठेवलेल्या कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन असते. ते किंवा डायक्लोफेनॅक या औषधांबरोबर घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. विचारल्याशिवाय घेऊ नका.

हळद आणि काढे: भाजी-आमटीतली हळद खुशाल खा. हळदीच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल, काढे आणि आयुर्वेदिक गोळ्या घेत असाल तर मात्र फार्मासिस्टला नावानिशी सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ॲस्पिरिन: ‘रोज एक छोटी ॲस्पिरिन घेतो की’ असे पुष्कळजण म्हणतात. केवळ ए.एफ.मधला पक्षाघात टाळण्यासाठी आता ॲस्पिरिन देत नाहीत. मात्र डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी दिली असेल, तर आपल्या मनाने बंदही करू नये.

याशिवाय औषधाचे सूचनापत्र नेहमी पाकिटात ठेवा, दात काढण्यापूर्वी डेंटिस्टला सांगा, आणि डोक्याला जोराचा मार लागला तर बरे वाटत असले तरी इस्पितळात जा.

पैशाची बाजू

इंग्लंडमध्ये साठीपुढच्यांना प्रिस्क्रिप्शन मोफत आहे. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये सर्वांनाच. साठीच्या आतल्यांना इंग्लंडमध्ये १ मे २०२४ पासून एका औषधाला ९ पौंड ९० पेन्स असा दर झाला, तर वर्षभराचा प्रीपेमेंट दाखला ११४ पौंड ५० पेन्सना. महिन्याला दोन औषधे असतील तरी दाखला स्वस्त पडतो. हिशेब करून पाहा.

प्रवासविमा काढताना ए.एफ. सांगितलाच पाहिजे. अर्जात बहुधा ‘कोणत्या तपासणीची वाट पाहत आहात काय?’ असाही प्रश्न असतो, तेव्हा ई.सी.जी.ची तारीख यायची असली तरी तेही सांगावे. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यानुसार विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे काळजीपूर्वक आणि खरी देणे ही आपली जबाबदारी आहे. ती न पाळल्यास भरपाई कमी होऊ शकते किंवा नाकारलीही जाऊ शकते. चिठ्ठी मिळाल्यावर ‘निदान झालेलंच नाही’ हा बचाव टिकेलच असे समजू नये. दर फार वाटले तर मनीहेल्पर या सरकारी मार्गदर्शन सेवेकडे आजार असलेल्यांना विमा देणाऱ्या कंपन्यांची यादी मिळते. ब्रिटनचे जागतिक आरोग्यकार्ड भारतात चालत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि प्रवासात गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. सामानाच्या बॅगेचा भरवसा नाही.

गाडी चालवणाऱ्यांसाठी: ठोक्यांच्या बिघाडामुळे चक्कर किंवा मूर्च्छा येत असेल तर गाडी चालवणे थांबवून डी.व्ही.एल.ए.ला कळवावे लागते. बस, लॉरी चालवणाऱ्यांना नियम अधिक कडक आहेत.

घरी नाडी कशी पाहावी

चहा घेतल्या घेतल्या किंवा जिना चढून आल्यावर पाहू नये. पाच मिनिटे शांत बसा. तळहात वर करा आणि दुसऱ्या हाताची पहिली दोन बोटे अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर ठेवा. अंगठ्याने पाहू नका. तीस सेकंद ठोके मोजून दुप्पट करा. विश्रांतीत ६० ते १०० हा साधारण आकडा. पण आकड्यापेक्षा लयीकडे लक्ष द्या. मनात ठेका धरता येतो का? एखादा ठोका चुकला तर हरकत नाही. ठेका धरताच येत नसेल तर सर्जरीला फोन करा. इंग्लंडमध्ये चाळिशीपुढच्यांचा रक्तदाब २०२१ पासून बऱ्याच फार्मसींत मोफत तपासतात. तिथे गेलात की नाडीचेही विचारा.

आणि तोंड एका बाजूला वाकडे झाले, हात वर राहीना किंवा बोलणे अडखळू लागले, तर नाडी मोजत बसू नका. ताबडतोब ९९९ फिरवा. लक्षणे दहा मिनिटांत गेली तरीही फिरवा.

आमच्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगत असते की टेबलापाशी त्यांचे काम निम्मे होते. उरलेले निम्मे चिठ्ठी घेणाऱ्याकडे असते. गणेशोत्सवातली चिठ्ठी अजून कोणाच्या कोटाच्या खिशात असेल, तर हा अंक खाली ठेवून आधी ती बाहेर काढावी. सर्जरीला फोन करताना भाषेची किंवा संकोचाची अडचण वाटत असेल, तर मंडळामार्फत मला निरोप द्या. मी बरोबर बसून फोन लावून देईन.